शेवटचं पान दुकानात

आमच्या बिरवाडीच्या खोलीच्या दारावर एक पाटी होती. अक्षर माझंच, म्हणजे सुरुवातीला ऐसपैस आणि जागा संपत आली तसं अंग चोरून बसलेलं. ‘कॉमिक्स भाड्याने मिळतील. शेवटचं पान दुकानात.’ नवीन माणूस पाटी वाचून हसायचा. त्याला वाटायचं, बाईचं लिहिताना काहीतरी राहून गेलंय. मग तो एखादं खुनाचं पुस्तक घेऊन जायचा आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून उंबऱ्याशी उभा राहायचा.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आमचे हे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पाळ्यांवर. बिरवाडीत तेव्हा खोल्या कमी आणि भाडेकरू जास्त. कुठून कुठून आलेली एकटी माणसं. एक जण कामावर गेला की त्याच्या गादीवर दुसरा. पाळी सुटल्यावर त्यांना करायला काही नसे. मी माहेरून भावाची जुनी हिंदी कॉमिक्स आणली, खिडकीत दोरीवर टांगली आणि माझी लायब्ररी सुरू झाली. धंदा बरा चालला, फक्त पुस्तकं परत येईनात. एक जण तर लग्नाला म्हणून गावी गेला तो माझी अख्खी पिशवी घेऊन. हुंड्यात मिळाली म्हणून सांगितलं असेल.

तेव्हा मी यांचं दाढीचं पातं घेतलं आणि प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान अलगद कापून काढलं. मागे नंबर घातला आणि सगळी पानं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. पुस्तक घरी न्या, निवांत लोळून वाचा, पण खून कोणी केला ते माझ्या डब्यात. पुस्तक परत करायचं, माझ्यासमोर उभं राहून शेवटचं पान वाचायचं, पान माझ्या हातात द्यायचं आणि मग खुशाल जायचं.

त्यानंतर एक पुस्तक हरवलं नाही. रात्रपाळी सुटलेली माणसं उजाडताच दारात यायची. “भाभी, बस एक पन्ना.” माझ्या तोंडात मिश्री असायची. मी हातानेच ‘थांबा’ म्हणायची आणि चूळ भरायला उगाच वेळ लावायची. तेव्हाची मी म्हणजे काय सांगू. आपल्याइतकी हुशार बाई सावित्री नदीच्या या काठाला नाही आणि त्याही काठाला नाही, असं मला मनापासून वाटे. वेणी घालताना आरशात बघून मी स्वतःला मान डोलवायची, जशी सरपंच गावाला डोलवतो. आज ती बाई भेटली तर आधी तिला चहा देईन आणि मग मनसोक्त तिची खेचीन.

नियम सगळ्यांना सारखा होता, एक गिऱ्हाईक सोडून. ते म्हणजे माझ्या सासूबाई.

त्या पोलादपूरच्या पुढे कापड्यात राहायच्या, भाताची खाचरं आणि दोन म्हशी सांभाळत. यांना सुट्टी मिळाली की आम्ही गावी जायचो. एकदा एसटीत वाचायला घेतलेलं पुस्तक माझ्या पिशवीत राहिलं आणि त्यांच्या हाती लागलं. त्यांना अक्षर येत नव्हतं. पडवीत वाल सोलता सोलता त्यांनी ते मांडीवर पसरलं आणि मला हाक मारली.

“गो, ह्या बापयाच्या तोंडावर फडका कशाला?”

“मुखवटा आहे तो, आई. त्याला ओळख लपवायचीय.”

“लपवायची तर घरात बस म्हणावं. गावात कशाला फिरतो?”

मग मी वाचायला बसले. हिंदी वाचायचं आणि सांगायचं त्यांच्या बोलीत. मी अक्षरं बघायची आणि त्या चित्रं बघायच्या, अंगठा जिभेला लावून पान उलटायच्या. पुस्तक संपत आलं की नुसता तळहात पुढे. “काढ.” मग मी पदराच्या गाठीतून घडी घातलेलं शेवटचं पान काढून द्यायचं. त्यांच्यापुढे माझा डबा चालत नसे.

त्यांना जी चित्रकथा लागली ती पाच भागांची होती. समुद्रकाठचं गाव, बंद पडलेलं दीपगृह, आणि एक मुखवटेवाला तिथून दिवा दाखवून होड्या खडकावर नेतो आणि लुटतो. संशय सगळ्या गावावर. मी म्हणत होते, फौजदार. हे मी अशा ठामपणे म्हणत होते की जणू ती गोष्ट मला विचारूनच लिहिली होती. सासूबाईंचा संशय डॉक्टरवर. “कुणी मेला की हा पयला हजर.” यांचं मत असं, की ज्याने एवढीशी गोष्ट पाच भागांत ताणली तोच खरा चोर. चौथ्या भागाच्या शेवटच्या चित्रात मुखवटेवाला पकडला जातो, नायकाचा हात त्याच्या मुखवट्याला लागतो, आणि खाली लिहिलेलं असतं की बाकीचं पुढल्या भागात.

पाचवा भाग महाडच्या एजंटाकडे आला तो भर पावसात. गठ्ठा सोडायच्या आतच नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. ओसरल्यावर मी गेले तर एजंट गठ्ठा फावड्याने काढत होता. पुन्हा मागवतो म्हणाला. मग कळलं, छापणाऱ्यांनीच दुकान बंद केलं.

बिरवाडीत आनंदीआनंद झाला. इतकी वर्षं माझ्या दारात तिष्ठत उभी राहिलेली माणसं आता वाट वाकडी करून यायला लागली. “भाभी, डब्बे में देखो ना, होगा.” “वहिनी, शेवटचं पान दुकानात ना?” मी हसून साजरं करायची आणि आतून जळायची. पनवेलच्या स्टँडवर विचारलं, दादरच्या फुटपाथवर विचारलं, गावी जाणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलं. एकाने येऊन सांगितलं, मुखवट्याखाली नायकाचा जुळा भाऊ निघतो. दुसऱ्याने सांगितलं, बाई निघते. दोघांनीही वाचलेलं नव्हतं.

माझं मी सोसलं असतं. पण कापड्यात मी पायरी चढायच्या आत प्रश्न यायचा.

“गावला काय गो तो?”

“नाही, आई.”

“मग आलीस कशाला?”

पुढे घरोघर केबल आली, मग सीडी आल्या. दोरीवरची कॉमिक्स मी ट्रंकेत भरली, ट्रंक पलंगाखाली ढकलली. दोन हजार साल उलटलं. सगळं जग त्या मुखवटेवाल्याला विसरलं, सासूबाई सोडून. आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. महाडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. त्या काही केल्या तयार होईनात.

“डोळा गेला म्हंजे?”

“जात नाही, आई. उलट नीट दिसायला लागतं.”

“तू डॉक्टर हायस? आधी त्या मेल्याचं थोबाड बघून घेते, मग काय ते कापा.”

आम्हाला वाटलं, चेष्टा. पण दोनदा तारीख ठरली आणि दोन्हीदा त्या ऐन वेळी म्हशींच्या मागे रानात निघून गेल्या. दिवसेंदिवस त्यांना कमी दिसत चाललं होतं. एकदा मला दारात बघून म्हणाल्या, “कोण ती?” त्या दिवशी माझी मस्करी संपली. तो पाचवा भाग आता मला खरंच हवा होता, आणि लवकर हवा होता.

अशात एक दिवस दाराशी जीप थांबली. महाडचे एक ट्रकमालक उतरले. आधी आखातात होते, परत येऊन गाड्या घेतल्या. बाजारात सगळे त्यांना भाईच म्हणत. आखातात एका खोलीत आठ-दहा जणांबरोबर राहताना त्यांना घरून कोणी कॉमिक्स पाठवायचं, तेव्हापासून तो नाद. आता जुन्या कॉमिक्सच्या शौकिनांचा आणि विकणाऱ्यांचा मेळावा त्यांनी महाडला भरवायचं ठरवलं होतं. मुंबई, पुणे, सातारा, चिपळूण, सगळीकडून लोक येणार. महाडच का, तर सगळ्यांना सारखंच गैरसोयीचं. त्यांचा एक ड्रायव्हर माझं जुनं गिऱ्हाईक, त्याने माझं नाव सांगितलं होतं.

“वहिनी, तुमच्याकडं ट्रंकभर माल आहे म्हणे. टेबल देतो. विका, बदला, नुसत्या बसा.”

“तिथं मुखवटेवाल्याचा पाचवा भाग मिळेल?”

भाईंनी दाढीवरून हात फिरवला. “तिथं नाही मिळाला वहिनी, तर मग कुठंच नाही.”

मेळाव्याच्या दिवशी मी जे केलं ते आठवलं की अजून उशीत तोंड खुपसावंसं वाटतं. कॉमिक्सचा मेळावा म्हणजे मुलांचा, असं मी धरून चालले होते. म्हणून लिमलेटच्या गोळ्यांची मोठी पिशवी घेतली. आणि आपल्याला टेबल मिळालंय म्हणजे आपण पाहुण्या, म्हणून लग्नातली हिरवी साडी, नथ आणि भरगच्च गजरा. मंगल कार्यालयाच्या दारात उतरले, आत पाऊल टाकलं, तर औषधाला मूल नाही. सगळे अर्धवट टकलाचे बापये, पांढरे हातमोजे घालून पुस्तकांवर वाकलेले, जसं काही ऑपरेशन चाललंय. सगळ्यांनी माना वर केल्या. त्यांना वाटलं असणार, वरमाई हॉल चुकली.

“या वहिनी,” भाई म्हणाले. “तुमचं टेबल पंख्याखाली ठेवलंय. गजरा टिकेल.”

ट्रंक उघडली तशी गर्दी जमली. ही कोकणातली पुस्तकं आणि पाण्याचा डाग नाही, कसर लागलेली नाही, कोपरे शाबूत. “कशी ठेवलीत हो इतकी छान?” साताऱ्याच्या एका गृहस्थांनी विचारलं. मी फुगले. मग त्यांनी पुस्तक उलटं केलं आणि त्यांचा चेहरा उतरला. दुसरं उचललं, तिसरं उचललं.

“शेवटचं पान कुठाय?”

“डब्यात.”

“कोणी कापलं?”

“मीच. दाढीच्या पात्याने. बघा ना, रेघ कशी सरळ आलीय.”

मी कौतुकाची वाट बघत उभी राहिले. देवाशपथ, मी कौतुकाचीच वाट बघत होते. साताऱ्याचे गृहस्थ खाली बसले. कोणीतरी त्यांना पाणी दिलं. एक जण मागून हळूच म्हणाला, “हिला आत कोणी घेतलं?” दुसऱ्याने मला समजावल्यासारखं सांगितलं, की शेवटचं पान नसलेल्या पुस्तकाला इथं रद्दीवालासुद्धा हात लावणार नाही. मग सगळे हळूहळू पांगले आणि मी पंख्याखाली नथ सावरत बसले. गजरा मात्र टिकला होता.

अशी बसून किती राहणार. उठले आणि एकेक टेबल बघत निघाले. आणि खिडकीजवळच्या टेबलावर तो दिसला. पाचवा भाग. मुखपृष्ठावर दीपगृह, मागे लाटा, मुखवटा अर्धा उचललेला आणि त्याखाली नुसती हनुवटी. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत होतं, तोंड चिकटवलेलं. त्या काळी काही पुस्तकांबरोबर फुकट स्टिकर यायचं, ते पडू नये म्हणून कंपनीच असं पाकीट करून विकायची. तेच पाकीट, जसंच्या तसं.

टेबलामागे एक गृहस्थ खुर्चीत ताठ बसले होते. चिपळूणचे दातांचे डॉक्टर.

“हे मला बघायचंय,” मी म्हटलं.

“बघा की.”

“आतून.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू त्यांच्या मुलीचा हात मागितला. “हे उघडत नाहीत, वहिनी. हे असं न उघडलेलं दुसरं कुठे नाही. उघडलं की गेलं.”

“मग तुम्ही वाचलं कधी?”

“नाही वाचलं.”

“मुखवट्याखाली कोण आहे ते तुम्हाला ठाऊक नाही?”

“नाही.”

“आणि झोप लागते?”

ते हसले. माणूस वाईट नव्हता. मी त्यांना सगळं सांगितलं, कापडं गाव, मोतीबिंदू, म्हशी, सगळं. ट्रंक देते म्हटलं, डबा देते म्हटलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मग हात जोडले. “वहिनी, दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणत असतो मी. माझ्या आयुष्यात एक तरी गोष्ट बंद राहू द्या.”

मी परत टेबलाशी येऊन बसले. एक लिमलेटची गोळी तोंडात टाकली, मग दुसरी. डोळ्यांत पाणी येत होतं ते गोळीच्या आंबटपणाने, असं मी ठरवून टाकलं. आणि तिसऱ्या गोळीला डोक्यात उजेड पडला. डॉक्टरांच्या टेबलावर स्टिकरवाली पाकिटंच तेवढी होती. त्या गोष्टीचे पहिले चार भाग साधे, विना-स्टिकरचे निघाले होते. ते त्यांच्याकडे नव्हते. मुखवटेवाला कोण हे त्यांना ठाऊक नव्हतंच, पण मुखवटेवाला आहे म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. भूकच लागली नाही तर माणूस ताट कशाला ओढेल?

दुपारी भाईंच्या घरून बिर्याणीचं पातेलं आलं, न खाणाऱ्यांसाठी वरणभात आला. सगळे ताटल्या घेऊन भिंतीशी टेकले. मी पहिला भाग काढला, खुर्ची हॉलच्या मध्यावर ओढली आणि कोणाला काही न विचारता मोठ्याने वाचायला लागले. सासूबाईंना सांगायचे तसंच. हिंदी बाजूला ठेवून, कापड्याच्या बोलीत, सगळे आवाज काढून.

“फौजदार वराडतो, ‘कोण हाय रे तिकडं?’ तिकडून काय उत्तर येतंय? नुसता दिवा. एकदा लागला, इझला. एकदा लागला, इझला. आणि होडीतला तांडेल म्हणतो, ‘गावलं रं बंदर.’ मेल्या, बंदर नाय तो, काळ हाय तुजा.”

पहिल्यांदा दोघे-तिघे हसले. मग हसायचे थांबले आणि खुर्च्या ओढून जवळ आले. साताऱ्याचे गृहस्थही आले, पण माझ्याकडे न बघता. पहिला भाग संपत आला, दीपगृहाचं दार करकरलं, नायकाने आत पाय टाकला, आणि मी पुस्तक मिटून डबा मांडीवर घेतला.

“पुढे?” एकाने विचारलं.

“शेवटचं पान दुकानात.”

“वहिनी, असं करू नका हो.”

“ज्याला रद्दीवाला हात लावणार नाही, त्याची एवढी ओढ?”

साताऱ्याचे गृहस्थ उठले. माझ्यासाठी ताटली भरून आणली, वर लिंबाची फोड ठेवली आणि म्हणाले, “मगाशी आमच्यातलं कोणी काय बोललं ते विसरा. पान काढा.” मी आधी जेवले. बिर्याणी चांगली झाली होती, घाईत खाण्यासारखी मुळीच नव्हती. मग पान काढलं.

दुसऱ्या भागाला खिडकीजवळचे डॉक्टर आपल्या खुर्चीवरून ऐकत होते. तिसऱ्याला ते उभे राहून ऐकत होते. चौथ्याला ते माझ्यासमोर पहिल्या रांगेत होते आणि त्यांच्या ताटलीतला भात गार होऊन गेला होता. मुखवटेवाला सापडला, नायकाचा हात मुखवट्याला लागला, आणि मी पुस्तक मिटलं.

“पुढे?” या वेळी अख्ख्या हॉलने विचारलं.

“पुढचं माझ्याकडं नाही. पुढचं डॉक्टरांच्या टेबलावर.”

सगळ्या माना वळल्या. डॉक्टर आपल्या जागेवर जाऊन बसले. पाकीट उचललं, पालथं ठेवलं. थोड्या वेळाने पुन्हा उताणं केलं. भाई त्यांच्याजवळ जाऊन उगाच म्हणाले, “मला वाटतं फौजदारच असणार.” डॉक्टर तिरसटून म्हणाले, “फौजदार कसा असेल? तो तिसऱ्या भागात होडीत नव्हता का?” तेव्हाच मी ओळखलं, गडी गेला. मी लिमलेटची पिशवी उघडली आणि एकेक गोळी सगळ्यांना वाटत फिरले. डॉक्टरांना दिली नाही.

शेवटी ते उठले. बॅगेतून एक चिमटा आणि बारीक पातं काढलं, माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “वाचणार तुम्ही. हात लावणार मी.”

त्यांनी पाकिटाची कड अशी उघडली की प्लास्टिकला कळलंसुद्धा नसेल. इतक्या वर्षांची कोंडलेली शाईच्या वासाची झुळूक बाहेर आली आणि सगळ्यांनी नाकं पुढे केली. स्टिकर चिमट्याने काढून त्यांनी खिशात ठेवलं. मी वाचत गेले, ते पानं उलटत गेले. शेवटचं पान आलं आणि त्यांनी त्याच्यावर आपला पंजा पालथा टाकला.

“आधी कबूल करा.”

“काय?”

“त्या डब्यातलं एकूण एक पान परत ज्याच्या त्याच्या जागी. गोंद नाही लावायचा. पातळ कागदाची पट्टी, मी शिकवेन तशी.”

हॉलमध्ये जे हसू फुटलं ते छतापर्यंत गेलं. भाई डोळे पुसत म्हणाले, “वहिनी, आता तुम्ही दारात उभ्या.” जिने अख्ख्या बिरवाडीला तंगवलं तिला एका दातांच्या डॉक्टरने तिच्याच पद्धतीने तंगवलं. मी डब्याकडे बघितलं, त्यांच्या पंजाकडे बघितलं.

“कबूल. पण मग तुम्हीही हे पुस्तक आज माझ्या सासूबाईंना दाखवायचं. चिपळूणला पोलादपूरवरूनच जाता ना?”

“कापडं वाटेवर आहे?”

“हाकेवर,” मी म्हटलं. हाक केवढ्याने मारायची ते सांगितलं नाही.

त्यांनी हात उचलला. फौजदार नव्हता. डॉक्टरही नव्हता. हॉलमधल्या एकानेही ज्याचं नाव घेतलं नव्हतं असा माणूस निघाला. जो गलका झाला तो रस्त्यावर ऐकू गेला. साताऱ्याचे गृहस्थ माझा हात धरून हलवत राहिले. इतके जण इतकी वर्षं पुस्तकं जमवत होते; सगळ्यांनी मिळून एखादं वाचलं ते त्या दिवशी.

डॉक्टरांची गाडी कापड्याच्या रस्त्याला लागली तेव्हा ऊन कलतीला आलं होतं. खड्डे आले, मग रस्ताच गेला. पुस्तक त्यांनी मांडीवर धरायलासुद्धा माझ्याकडे दिलं नाही. एका हाताने गाडी, एका हाताने पुस्तक.

सासूबाई पडवीत होत्या. पावलं ऐकून म्हणाल्या, “गावला काय गो?”

“गावला, आई.”

त्या हातातलं सगळं टाकून उभ्या राहिल्या. मग त्यांना दुसरी आकृती दिसली. “हा कोण?”

“पुस्तक यांचं आहे. डॉक्टर आहेत.”

“डोळ्यांचा?” त्या एक पाऊल मागे सरल्या.

“नाही आजी, दातांचा.”

“मग बसा. दात नायतच.”

मी वाचलं. त्यांनी अंगठा जिभेला लावला तसं डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. शेवटच्या पानाशी आल्यावर सासूबाईंनी पुस्तक उजेडाकडे तिरकं केलं आणि नाकाला लागेल इतकं जवळ घेतलं. बराच वेळ बघितलं.

“ह्याला मी वळखत नाय. कोण ह्यो?”

“बत्तीवाला, आई. गावात लग्न असलं, जत्रा असली की डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालतो ना, तो. तोच दीपगृहातून दिवा दाखवत होता.”

मला भीती वाटली, इतकी वर्षं वाट बघायला लावून फसवलं असं तर वाटत नसेल. मग त्या सावकाश म्हणाल्या, “बरोबर हाय. उजेड धरणाराचं तोंड कोण बघतो. पयला काढ.”

चारही भाग मी पिशवीत घालून आणले होते, त्यातला पहिला काढला. मी आणि डॉक्टर दोन्ही बाजूंनी वाकलो. आम्हाला काही दिसेना. त्यांनी जत्रेच्या चित्रावर बोट ठेवलं. गर्दीत एक पांढरा झगझगीत ठिपका आणि त्याच्याखाली काळा डाग. “हा बघ. इथंच उभा हाय मेला.” दुसऱ्या भागात वरातीत होता. तिसऱ्यात आम्ही शोधून दमलो, डॉक्टर म्हणाले, “यात नाहीये.” सासूबाई म्हणाल्या, “सरा,” आणि किनाऱ्यावरच्या प्रेताभोवती जमलेल्या माणसांत, पार मागे, एक ठिपका दाखवला. डॉक्टर आता हातमोजे, चिमटा सगळं विसरून पडवीत मांडी घालून बसले होते. चौथ्या भागात त्यांना बत्ती दिसली आणि ते “सापडला” म्हणेपर्यंत सासूबाईंचं बोट तिथे पोचलेलं होतं.

त्यांनी पुस्तक मिटलं आणि आम्हा दोघांकडे असं बघितलं की काय सांगू. त्या नजरेपुढे माझी आरशातली मान काहीच नव्हती.

“आता सांग तुज्या नवऱ्याला,” त्या मला म्हणाल्या. “मला एवढं दिसतंय, तर आपरेशन कशाला?”

मी कपाळाला हात लावला. एवढं करून पुन्हा म्हशी. पण डॉक्टर शांतपणे म्हणाले, “खरंय आजी. बत्ती तुम्हाला दिसतेच. पण या चार चित्रांत त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे, ते सांगा.”

सासूबाईंनी पुस्तक पुन्हा नाकाशी नेलं. उजेडाकडे केलं, दूर धरलं, जवळ धरलं.

“तोंड हाय यात?”

“आहे. बारीक आहे. डोळा स्वच्छ असला तर दिसतं.”

“तुला दिसतंय?”

“दिसतंय. पण मी सांगणार नाही.”

त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. डॉक्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “कधी नेतेस गो मला महाडला?”

“पुढच्या शनिवारी, आई.”

“मग शुक्रवारी का नाय?”